आबांचा व्हॉल

आमचे आबा माझ्याशी सगळं बोलायचे, फक्त कारखान्याचं बोलायचे नाहीत. यात काय एवढं, असं कुणीही म्हणेल. पण ज्या घरात चहाबरोबर, जेवणाबरोबर, झोपताना अन् उठताना वाफेच्या अन् रसाच्याच गोष्टी निघायच्या, त्या घरात बाप एकदम लेकीपुढं कारखान्याचं नाव काढेनासा होतो, तेव्हा त्याच्या मनात काहीतरी बसलेलं असतं. काय बसलंय ते मला ठाऊक होतं. त्यांच्या हातातला व्हॉल मीच काढून घेतला होता. तुमचा माझ्यावर राग आहे का, एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर मला त्यांच्या तोंडून पाहिजे होतं. 'हाय' म्हणाले असते तरी चाललं असतं. निदान भांडता तरी आलं असतं.

आबा साखर कारखान्यात रस आटवायच्या टाक्यांवर होते. उसाचा रस गाळून आला की तो वाफेवर आटवून घट्ट करतात, मग पुढं त्याची साखर होते. त्या टाक्यांना वाफ सोडायचा एक व्हॉल होता, परातीएवढ्या लोखंडी चाकाचा. वाफ जास्त झाली की रस उतू जाणार, कमी झाली की पातळ राहणार अन् पुढच्या खात्यातले लोक आयमाय काढणार. त्यामुळं सबंध पाळी आबा चाकापाशी उभे. काचेच्या झरोक्यातून रस बघायचा, चाक जरा इकडं, जरा तिकडं. त्या व्हॉलला नंबर होता, पण तो कुणी घ्यायचं नाही. साहेब लोकसुद्धा 'आबांचा व्हॉल' म्हणायचे.

मी लहान असताना एकदा त्याच व्हॉलच्या गळतीनं त्यांचा उजवा अंगठा भाजला. जखम भरली, पण अंगठ्यावर तिरपी खाच राहून गेली. आबा कुंकू अंगठ्यानंच लावायचे, देवाला असो, बैलाला असो की मला. खालून वर ओढलेला टिळा, अन् त्याच्या मधून ती खाच कोरी राहायची. पुढं मी परभणीला डिप्लोमाला होते तेव्हा परीक्षेच्या सकाळी आबा मला फटफटीवर पिंगळी स्टेशनला सोडायचे अन् गाडी यायच्या आधी खिशातून पुडी काढून टिळा लावायचे. डब्यातल्या पोरी हसायच्या. "अगं, तुझा टिळा उसवलाय!" म्हणायच्या. मी म्हणायचे, उसवू दे, तुझ्या बापानं लावलाय का? पण पुसला कधी नाही.

अन् खंडेनवमीला तर विचारूच नका. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं हत्यारं पुजतात. घरी विळे, कुऱ्हाड, औताचा फाळ, सगळं धुऊन पाटावर मांडलेलं. ते झालं की आबा पितळी ताटलीत ओलं कुंकू, हळद, अक्षता अन् झेंडूची दोन फुलं घेऊन कारखान्यात जायचे. गळीत सुरू व्हायचं असायचं, सगळं थंड असायचं. आबा चाक धुवायचे, पुसायचे, टिळा लावायचे, वर अक्षता टाकायचे अन् हात जोडायचे. "जे आपल्याला खाऊ घालतं, त्याला वर्सातून एक डाव तरी कुंकू लावावं," असं त्यांचं म्हणणं. देवाधर्माचा माणूस नव्हता तसा. देवळाला गेलो तरी ते बाहेरच चपला राखत बसायचे. पण खंडेनवमी कधी चुकवली नाही.

डिप्लोमा झाल्यावर मला त्याच कारखान्यात लागलं, इन्स्ट्रुमेंट खात्यात. आबांनी ताडकळसच्या बाजारातून पेढे आणून पाळीवरच्या माणसामाणसाला वाटले. "पोरगी मीटरं दुरुस्त करती," असं सांगत फिरले. बिचाऱ्यांना काय माहीत पुढं काय वाढून ठेवलंय. मलाही कुठं माहीत होतं म्हणा.

दोन-तीन हंगाम गेले अन् कारखान्यात कंट्रोल रूम झाली. सगळे मोठे व्हॉल संगणकावर घ्यायचं ठरलं. आटवणीच्या टाक्यांचं काम माझ्याकडं आलं. मी नाही म्हणाले असते तर दुसऱ्यानं केलं असतं, अन् नाही कशाला म्हणू? त्यासाठीच शिकले होते. व्हॉलवरचं चाक काढायचं अन् तिथं हवेवर चालणारी टोपी बसवायची. आबा टॉवेल खांद्यावर टाकून बाजूला उभे होते. नट काही निघेना. मी मागं न बघता हात केला अन् म्हणलं, "आबा, पान्हा द्या." त्यांनी दिला. चाक निघालं अन् भंगाराच्या ढिगाकडं गेलं.

संध्याकाळी ते कंट्रोल रूममध्ये आले. थंड हवेत अंग चोरून उभे राहिले अन् म्हणाले, "मंग आता हुकूम कुठून निघतो?" मला वाटलं, त्यांना बघायचंय. मी मोठ्या हौसेनं कपाट उघडून दाखवलं. संगणक ठरवतो किती वाफ पाहिजे, पण ठरवून काय उपयोग, व्हॉल तर तिकडं लांब. मधे हे कार्ड असतं. ॲनालॉग आउटपुट म्हणतात, आमच्यात नुसतं एओ कार्ड. तळहातात मावेल एवढा डबा, पुढं तारांची रांग. संगणकाचा आकडा घेऊन त्याचा करंट करून तारेवर सोडायचा, एवढंच त्याचं काम. चार मिलिॲम्पियर गेला की व्हॉल बंद, वीस गेला की सताड उघडा, मधे काय पाहिजे ते.

"बंदला शून्य कामून न्हाई?" आबांनी विचारलं.

"शून्य ठेवलं तर व्हॉल बंद हाय का तार तुटली हे कळायचं कसं? म्हणून बंद असला तरी थोडा करंट ठेवायचा. चार हाय म्हणजे जित्ता हाय." मग मी तिसऱ्या नंबरच्या तारेवर बोट ठेवलं. "ही बघा. ही तुमची."

आबा वाकून बघत राहिले. "हं," म्हणाले. कारखान्याविषयी ते माझ्याशी बोललेला हा शेवटचा शब्द.

खोटं कशाला बोलू, त्या कार्डानं काम चांगलं केलं. रस उतू जायचा थांबला, कुणाचा हात भाजला नाही. ते नीट चाललं नसतं तर एक वेळ बरं झालं असतं, आबांना हसायला तरी काही मिळालं असतं. त्यांना चुन्याच्या खात्यात बसवलं. तिथं काम असं नव्हतंच. मग रिटायर झाले. घरी आल्यावर बोलायचे, "जेवलीस का", "गाडी हळू चालव", "म्हशीनं आज दूध चोरलं". मी मुद्दाम विषय काढायचे, आज गाळप किती झालं, कोण कुणाशी भांडलं. आबा उठून म्हशीकडं जायचे. एकदा मी थेट विचारलं, "आबा, तुमी रागावलाव का माझ्यावर?"

"पाणी आण गं जरा," म्हणाले.

पाणी आणलं. तांब्या आपटून ठेवला. माय चुलीपाशी बसली होती, ती म्हणाली, "तांब्यानं काय घोडं मारलं तुझं?" मला रडू आलं, पण मी ते आबांना दिसू दिलं नाही. आम्ही दोघंही सारखेच हट्टी. तारेवर चार होता की शून्य, मला काही केल्या कळायचं नाही.

गेल्या खंडेनवमीला कारखान्यानं जुन्या लोकांनाही पूजेला बोलावलं होतं. कंट्रोल रूमच्या दारावर मीच कागद चिकटवला होता की फुलं-नारळ दाराबाहेर, आत पाण्याचा थेंब नको. लोक चिडवायचे, "ताईच्या देवाला पाणी चालत न्हाई, एसी लागतो!" आत कपाटं झाडून-पुसून उघडीच होती, सगळा वीजपुरवठा बंद. मी ऊस टाकतात त्या गव्हाणीकडं नारळ फोडायला गेले अन् परत आले तर आबा कंट्रोल रूमच्या दारातून बाहेर पडत होते. पांढरं धोतर, डोक्याला टोपी, हातात पितळी ताटली, अन् टॉवेलला अंगठा पुसायलेले.

"आत कामून गेलताव?"

"थंड लय हाय तिथं," एवढंच म्हणाले अन् प्रसादाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. मला वाटलं, रिकामा माणूस, बघायला गेला असेल. रांगेत कुणीतरी त्यांची चेष्टा केली, "आबा, आता कुणाला कुंकू लावताव? चाक तर भंगारात गेलं!" आबा हसले. खूप दिवसांनी त्यांना त्या आवारात हसताना बघितलं अन् मला बरं वाटलं, म्हणून ते ध्यानात राहिलं.

पौषातल्या थंडीत आबा गेले. दुपारी ओसरीवर बसल्या बसल्या छातीत कळ आली, गाडी येईपर्यंत काही उरलं नव्हतं. मी पाळीवर होते. मला पोचायला उशीर झाला अन् बोलायचं ते राहून गेलं, असं आपण म्हणतो. पण आधी एवढी वर्षं वेळ होताच की! तेव्हा आबा कुठं बोलले? मी सरणापाशीसुद्धा मनातल्या मनात त्यांच्यावर चिडलेलीच होते. एक शब्द, आबा. एक शब्द बोलला असताव तर तुमचं काय गेलं असतं?

मग भावकीतल्या बायका मायचं कुंकू पुसायला आल्या. मी दारात आडवी उभी राहिले. म्हणलं, "हात तर लावून बघा." लय बोलल्या मला. शिकलेली म्हणून शेफारली, बाप गेला तरी जिभेचं हाड जाग्यावर आलं नाही, काय काय. मी म्हणलं, जिभेला हाड नसतंच, तुम्हाला इतकंबी ठाऊक नाही. शेवटी गेल्या. मी जिंकले असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माय न्हाणीतून तोंड धुऊन आली, तर कपाळ कोरं.

"माय!"

"ऱ्हाऊ दे गं. कुणासाठी भांडायलीस? ज्यानं लावलं हुतं तो गेला." करंडा तिनं फडताळात वरती ठेवून दिला.

सुतक संपलं, मी कामावर गेले. गळीत ऐन भरात होतं. आवारात उसाचे ट्रॅक्टर अन् बैलगाड्या उभ्या, तोडीची माणसं थंडीत पाचट पेटवून शेकत बसलेली. अन् आबांचा व्हॉल बिघडला. पडद्यावर साठ टक्के उघडा दिसायचा अन् टाकीवर जाऊन बघावं तर निम्मासुद्धा उघडलेला नाही. रस पातळ राहायला लागला, मिल हळू करावी लागली, बाहेर गाड्यांची रांग वाढली. टाकीवरचा माणूस म्हणाला, "ताई, आबा गेले म्हणून व्हॉल रुसला बघा."

त्यानं चांगल्या मनानं म्हणलं असेल, पण माझं डोकं सणकलं. "व्हॉलला सुतक नसतं! हवेचा फिल्टर साफ केलाय का आधी?"

फिल्टर साफ होता. टोपी उघडली, नीट होती. सगळी तार तपासली, कुठं खरचटलेलीसुद्धा नाही. गंमत अशी की दुपारी ऊन तापलं की व्हॉल आपोआप ताळ्यावर यायचा अन् सकाळी पुन्हा तेच. कंट्रोल रूमचा एसी त्या आठवड्यात बंद पडला होता, बाहेरची वाफेची ओल आत यायला लागली होती. सकाळी काचांवर पाणी धरायचं. ओल आली की बिघडतं अन् सुकलं की सुधारतं, म्हणजे करंट कुठंतरी मधेच झिरपत होता. कार्ड तर बिचारं हुकूम सोडून मोकळं होतं. तो पोचला की वाटेत सांडला, हे त्याला कळायची सोयच नसते.

साहेब म्हणाले, नवं कार्ड मागवू. पण जादा कार्ड स्टोअरात नव्हतं, पुण्याहून यायला दिवस लागणार होते. मी म्हणलं, आधी उघडून बघते. व्हॉलपाशी दोन माणसं उभी केली, बाजूच्या छोट्या जादा व्हॉलनं वाफ हातानं सांभाळायला, अन् त्या कार्डाचा पुरवठा बंद केला. तारांच्या रांगेवर प्लास्टिकचं झाकण असतं, ते उचललं.

तिसऱ्या नंबरवर कुंकू होतं.

खालून वर ओढलेला टिळा, वाळून तपकिरी पडलेला, दोन स्क्रूंवरून आडवा-उभा पसरलेला. स्क्रूंना हिरवट गंज धरलेला. टिळ्याच्या मधून तिरपी कोरी रेघ. अन् कडेला, स्क्रूच्या खोबणीत, अक्षतेचा एक दाणा अडकलेला.

झाकण उचलून, वाकून, नंबर मोजून लावला होता त्यांनी. मी एकदाच बोट ठेवून दाखवली होती ती तार, ती ध्यानात ठेवली होती. बरं, त्यांच्या व्हॉलला लावायचं तर व्हॉल होता की तिकडं. चाक नसलं म्हणून काय झालं, टोपीला लावता आलं असतं. पण तिथं नाही लावलं. जे आपल्याला खाऊ घालतं त्याला कुंकू. आबांना तर ते कार्ड खाऊ घालत नव्हतं. त्यांच्या हातचं काम त्यानंच नेलं होतं. ते मला खाऊ घालत होतं. ते माझं औत होतं.

ते 'हं' म्हणाल्यापासून मी ज्याची वाट बघत होते, ते इथं झाकणाखाली होतं. माझ्या खुर्चीपासून हाताच्या अंतरावर, सगळा हंगाम. अन् मी मेली रोज झाकणावरची धूळ पुसत होते.

फोन वाजला. टाकीवरून विचारत होते, "ताई, किती येळ? गाड्यावाले बोंबलायलेत."

आता काय करायचं? ठेवायचं तर कारखाना चालत नाही. मी दाणा चिमट्यानं काढून ओढणीच्या टोकाला बांधला. फोटो काढावा असं मनात आलं, पण फोन बाहेर काढलाच नाही. बाटलीतलं स्पिरिट कापसाला लावलं. मायचं कुंकू पुसायला आलेल्या बायकांच्या अंगावर धावून गेले होते मी. हे मात्र माझं मलाच पुसायचं होतं. पहिल्या हातात निघालं नाही, वाळून घट्ट बसलं होतं. ब्रशनं घासलं. तांबडं पाणी स्क्रूवरून खाली ओघळलं, तेही टिपून घेतलं. मधली रेघ शेवटी गेली. मग स्क्रू घासून चकचकीत केले, सुकवले, तार आवळली अन् पुरवठा चालू केला. साठ टक्के सोडलं. मीटरवर आकडा बरोबर आला अन् तिथंच थांबला, जरासुद्धा हलेना.

पुन्हा फोन. "ताई, सुटली बघा वाफ! झ्याक! काय हुतं हो?"

मी म्हणलं, "काही नाही. कचरा होता."

घरी गेले तर माय तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यापुढं बसून सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण हात थांबला नाही. मी रडायला लागले तेव्हा थांबला.

"समदं पुसलंस?"

"पुसावं लागलं, माय."

"मंग? कारखाना बंद ठिवतीस व्हय? त्यालाबी चाललं नसतं." मग म्हणाली, "सकाळपास्नं ताटली घासून बसला हुता त्या दिवशी. म्या म्हणलं, आवं, चाक तर ऱ्हायलं न्हाई, कुणाची पूजा करताव? तर म्हणला, पोरीच्या हत्याराची."

"मला का सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं, तुझ्यासमोरच लावलं आसंल."

मी ओढणीची गाठ सोडली अन् दाणा तिच्या तळहातावर ठेवला. तिनं तो उजेडाकडं धरून बघितला. कुंकवाचा रंग अजून होता त्याला. मला वाटलं, ती उठेल, फडताळातला करंडा काढेल, त्यात ठेवेल. तिनं दाण्यावर एक फुंकर मारली अन् तो निवडलेल्या तांदळात टाकला. वरून हात फिरवला.

"अगं माय, काय केलंस हे! आता तो सापडायचा का?"

"कशाला सापडवायचा?" ती सूप घेऊन उठली. "तांदूळ हाय त्यो. खाऊ आपण."

तिनं भात टाकला. वरण केलं. आम्ही दोघी समोरासमोर बसलो. मी खाली न बघता जेवले, अन् भात दोनदा वाढून घेतला.